हरकत असेल तर बोला

एकोणीसशे सत्तावन्न सालची गोष्ट. कासुर्डीच्या हौसराव पाटलांच्या थोरल्यानं, मल्हारीनं, केडगावच्या ठेसनावर मिशनशाळेत शिकवणाऱ्या हन्नाबाईला भर उन्हात अडवलं.

“बाई, दौंडला रेल्वेची परीक्षा हाय. इंग्रजी लिहाया शिकवाल?”

“पाटलाच्या पोराला नोकरी कशाला? एवढ्या मळ्याचे धनी तुम्ही!”

“धनी आबा. मी निस्ता राखण्या.”

पोरीची जीभ तिखट, पण हसू काही लपेना. “शनिवारी या. पाटी घेऊन.”

मिशनच्या कडुनिंबाखाली, राखणीला म्हातारी प्रेमाबाई बसवून, शिकवणी सुरू झाली. एका जागी मात्र गाडं रुतलं. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. मल्हारी ‘लुक’ लिही आणि ‘आफ्टर’ गिळून टाकी.

“अहो, नुसतं ‘लुक’ म्हणजे बघणं! बैलाकडं बघत बसलं तर बैल जगेल का?”

“बघण्यातच जीव रमला तर, बाई...”

“पाटीकडं बघा!”

‘लुक आफ्टर’चं वाक्य बिनचूक जमलं की शिकवणी संपली, असं तिनंच ठरवलेलं. तो मुद्दाम चुकतो, हे तिला दुसऱ्याच शनिवारी कळलं. कळूनही तिनं पाटी पुसून पुन्हा हातात दिली. वेड पांघरून पेडगावला जायची दोघांनाही हौस!

तेवढ्यात शिरूरच्या शलमोन मास्तरांची मागणी आली आणि हन्नाच्या बापानं होकार दिला. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात. कुणाची हरकत असेल त्यानं उठून बोलायचं. दोन रविवार सुने गेले.

“उद्या तिसरा,” पाटी देताना हन्ना म्हणाली. “दार उघडंच असतं... कुणी बोललं, तर मी त्याच्या बाजूनं उभी राहीन.”

मल्हारीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “आबा उभा चिरतील, बाई. आन् पाठच्या दोघी बहिणी... त्यांना कोण करून घेईल?”

“आबांचं नाही विचारलं. तुमचं विचारलं.”

तो पेन्सिल घोळवत बसला. मग खाली मान घालून तेच वाक्य लिहिलं — ‘आफ्टर’सकट, सगळं बरोबर.

हन्नानं पाटी पुसली नाही. “पास व्हाल,” एवढंच म्हणाली.

रविवारी पाळकसाहेबांनी नावं पुकारली. “हरकत असेल तर आता बोला.”

मल्हारी दारात उभा होता, वहाणा हातात घेऊन. हन्नानं भरल्या चर्चमध्ये मान वळवून त्याच्याकडं बघितलं, लाज गुंडाळून ठेवून. त्याचे ओठ हलले... कुणीतरी खोकलं. आणि दारातलं ऊन मोकळं झालं; बाहेर पायात सरकवलेल्या वहाणा वाजत लांब गेल्या.

स्तोत्र म्हणून मंडळी बसली. हन्ना उभीच.

“बस की गं पोरी,” प्रेमाबाईनं तिचा पदर ओढला.

“बसते, मावशी... जरा ऐकू द्या. वहाणांचा आवाज अजून येतोय.”