नाव उसनं मागणारी माणसं

कसाव्याच्या कंदाच्या कण्या ठेवलेल्या डब्यात फोन वाजत होता.

*

शिंपिणीच्या खिडकीत एक झगा टांगलेला होता. पिकल्या आंब्याच्या रंगाचा, पंधरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. एक बाही अजून लागायची होती.

*

दुकानावर लाल झेंडी लागली की समजायचं, असाईच्या फळांचा घट्ट जांभळा रस घुसळून झाला. या, भांडी घेऊन या!

*

घरामागे विटा. निळ्या ताडपत्रीखाली. दर महिन्याला ढीग थोडा उंच.

*

ग्वामा वस्तीच्या या गल्ल्यांत कुणी कुणाकडे पैसे मागत नाही. पैसे मागायची लाज वाटते. इथे नाव मागतात. शेजारणीनं मिठाची वाटी मागावी तसं म्हणतात, "ताई, तुझं नाव दे ना जरा!" मग जिचा पगार सरकारी, जिचं नाव बँकेच्या दप्तरी स्वच्छ, ती बाई आपलं क्रेडिट कार्ड घेऊन दुकानात जाते, आणि दुसऱ्याच्या घरी फ्रिज येतो.

*

ओनेइदेनं आजवर कुणालाही नाही म्हटलं नव्हतं.

*

जुलैच्या सुट्टीतला तो गुरुवार होता. शाळा बंद, म्हणून शाळेचं स्वयंपाकघरही बंद, आणि पोरांसाठी रोज हंडे भरभरून भात शिजवणारी ओनेइदे आज आपल्या भाड्याच्या खोलीत फक्त चौघांसाठी मासे तळत होती. धाकटा भाऊ जुरांदिर आपल्या दुकानातून असाईची थंडगार पिशवी घेऊन आला होता, त्याची बायको लुसिवाल्दा लिंबं कापत होती, आणि त्यांची मुलगी ताइनारा पलंगावर पालथी पडून आपल्या वाढदिवसाला कुणाकुणाला बोलवायचं नाही, हे मोठ्यानं ठरवत होती. पुढच्या आठवड्यात ती पंधरा वर्षांची होणार होती, आणि इथे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात. हॉल ठरला होता, वाजंत्री ठरली होती, आणि तीन मजली केकही ठरला होता... आणि हे सगळं तिची आत्या करणार होती. ताइनाराच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्ममाता म्हणून तिला कडेवर घेऊन ओनेइदेनं तसा शब्दच दिला होता!

आभाळ भरून आलं, तशी ओनेइदे दोरीवरचे कपडे काढायला बाहेर धावली.

"ताई!" आतून लुसिवाल्दा ओरडली. "तुझा कण्यांचा डबा वाजतोय गं!"

दोरीवरची चादर ओनेइदेच्या हातातून निसटली. तिनं धाव घेतली, पण ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा उशीर झाला होता. लुसिवाल्दानं कोपरापर्यंत हात डब्यात घातला होता, आणि कण्यांनी माखलेला फोन बाहेर काढून झटकून कानालाही लावला होता.

"श्रीमती ओनेइदे बोलतायत का?"

लुसिवाल्दाचा एक जन्मजात दोष होता. कुणी काहीही विचारलं की तिच्या तोंडून आधी 'हो' निघे.

"हो, बोला."

आणि फोनवरची मुलगी बोलली. गोड आवाजात, एका दमात, सगळं बोलली. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपासून कार्डाचा एकही हप्ता भरलेला नाही. कार्ड बंद पडलंय. व्याज धरून आकडा अठरा हजार रेआलवर गेलाय. पण बँक सेटलमेंटला तयार आहे. सहा हजार एकरकमी भरा, बाकीचं माफ. ऑफर उद्या संध्याकाळी संपते, श्रीमती ओनेइदे, आणि पुन्हा इतकी चांगली येईल असं मी सांगू शकत नाही.

"थांबा," लुसिवाल्दा म्हणाली. "पाऊस पडून गेल्यावर फोन करते."

*

ओनेइदेच्या मनात काय होतं ते असं.

कपाटातल्या चादरींच्या घडीत सहा हजारांहून थोडे जास्तच पैसे होते. ते पोरीच्या वाढदिवसाचे; कार्निव्हलपर्यंत ती हप्ते पगारातून भरत आली होती, मग ते थांबवून हे साठवले होते. सकाळीच तिनं निर्णय घेतला होता... नाव मळलं तर मळू दे! बँकेच्या काळ्या यादीत पाच वर्षं काढीन, पण पोर पंधरा वर्षांची एकदाच होते.

हा झाला वरचा विचार. त्याखाली आणखी एक होता, आणि तो तिनं स्वतःलासुद्धा कधी नीट ऐकू दिला नव्हता. सेटलमेंट केली की ती बँक पुन्हा कधी कार्ड देणार नाही. कायमचं. मग भाऊ दारात येऊन "ताई, तुझं नाव दे ना" म्हणणार नाही. आणि ज्या बहिणीकडे मागण्यासारखं काहीच उरलं नाही, तिच्याकडे गुरुवारी जेवायला कोण येणार? नवरा नाही, लेकरू नाही... एवढं एक स्वच्छ नाव होतं, त्याच्याच आधारानं ती या घराला चिकटून होती. त्या विचारानं तिचं अंतःकरण असं व्याकुळ होई, की फोन कण्यांत खोल खुपसून, वर झाकण घट्ट लावून ती मोठ्यानं गाणं म्हणू लागे.

*

"अठरा हजार?" जुरांदिर उभा राहिला. "ताई, तू एवढं घेतलंस तरी काय?"

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता!

"मी?" ओनेइदेचा आवाज चिरकला. "मी काय घेतलं? माझ्या अंगावरचा हा झगा शाळेतल्या बाईंनी दिलाय, जुरांदिर! असाई घुसळायचं यंत्र कुणाच्या दुकानात आहे? फ्रिज कुणाच्या घरात आहे? तुझ्या मोटरसायकलची दोन्ही चाकं माझ्या नावावर फिरतायत, बाबा, दोन्ही!"

"पण मी दर महिन्याला हप्त्याचे पैसे दिलेत!"

"मला?"

"लुसिवाल्दाच्या हाती, तुझ्यासाठी!"

आणि मग खोलीतल्या सगळ्यांनी लुसिवाल्दाकडे पाहिलं. बाहेर पाऊस पत्र्यावर धो धो कोसळायला लागला होता, कढईतला मासा करपत होता, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

"बघता काय असे?" लुसिवाल्दा म्हणाली. "नेऊन दिले ना! पहिल्या महिन्यात दिले. तर ताई म्हणाली, राहू दे, पोरीला चपला घे. दुसऱ्या महिन्यात दिले. राहू दे, पोरीला चपला घे. ताई, शपथेवर सांग, म्हणालीस की नाही?"



म्हणाली होती. दर खेपेला ओनेइदे म्हणाली होती! मोठ्या बहिणीच्या तोऱ्यात, पैशाकडे न बघता, हात झटकून म्हणाली होती. आणि दर खेपेला मनातून तिची इच्छा होती, की भावजयीनं एकदा तरी हट्ट करावा, पैसे टेबलावर ठेवून निघून जावं. लुसिवाल्दा मात्र "बरं" म्हणायची आणि पैसे पुन्हा झग्याच्या खिशात टाकायची. मग शाळेतून घरी जाताना ओनेइदे त्यांच्या अंगणातला विटांचा वाढता ढीग बघायची, आणि तिच्या मनात विष उतरायचं... माझ्या पैशाच्या विटा. माझ्या हप्त्यांचं घर बांधतायत!

"एवढ्या चपला," ताइनारा म्हणाली, "मला तर दोनच मिळाल्या."

"तू गप्प बस गं!"

"मग पैसे गेले कुठे?" ओनेइदेनं शेवटी विचारलं. वर्षभर घशात अडकलेला प्रश्न बाहेर पडला, आणि पडला तो रडतच. "बोल ना, लुसिवाल्दा! विटा घेतल्यास ना? मला दिसतात त्या. आंधळी नाही मी. तुमचं घर वाढू दे, त्याचं मला दुःख नाही गं, पण एकदा, एकदा तरी विचारायचंस..."

"हो, विटाच घेतल्या." लुसिवाल्दानं लिंबाचे हात झग्याला पुसले. "नोटा घरात ठेवल्या की उडतात, विटा उडत नाहीत. माझी आई असंच करायची. थोड्या विटा, थोडं सिमेंट, मग परत विटा. आणि आमचं घर कशाला वाढवू? आमच्या घराला काय झालंय? ती तुझी खोली आहे, ताई."

"काय?"

"तुझी खोली. मागच्या अंगणात. शाळेतून रिटायर झालीस की या भाड्याच्या खुराड्यात एकटीनं मरायचंय का तुला? मोरी आतल्या आत ठेवलीय, कारण तुझे गुडघे दुखतात. खिडकी दुकानाच्या बाजूनं, कारण तुला लोकांच्या चौकश्या लागतात. सांगणार नव्हते. छप्पर झाल्यावर सांगणार होते. आता सांगावं लागलं, घ्या!"

जुरांदिरनं बायकोकडे असं पाहिलं, जणू तिला आजच प्रथम पाहत होता. "मला तर तू कोंबड्यांची खोली म्हणाली होतीस."

"तुला सांगितलं असतं तर झेंडीबरोबर बातमीही दुकानावर लावली असतीस!"

ओनेइदे मटकन पलंगावर बसली. रडता रडता तिला हसू फुटलं. ते आवरेना, आणि रडूही आवरेना. कुणी तिचं नाव न मागता, तिला न विचारता, तिच्यासाठी वीट वीट जमवत होतं... आणि ती त्याच विटांचा द्वेष करत आली होती! तिनं हात पुढे केले. लुसिवाल्दा, जिला नाही म्हणता येत नसे, सरळ येऊन त्या हातांत शिरली, आणि दोघी जणी करपलेल्या माशाच्या धुरात गळ्यात गळा घालून रडू लागल्या.

"मला माफ कर गं!"

"माफ केलं, पण पुन्हा पैसे परत केलेस तर डोक्यात वीट घालीन."

*

राहिला प्रश्न उद्याचा.

"विटा विकू या," ओनेइदे म्हणाली.

"विटांना हात लावायचा नाही," लुसिवाल्दा म्हणाली.

"मग हप्तेच भरत राहू. मी भरतो," जुरांदिर म्हणाला.

"अठरा हजार? तुझी झेंडी झिजून पांढरी होईल, रे!" ओनेइदे म्हणाली.

आणि मग ताइनारा पलंगावर उठून बसली. ती फार मोठ्या त्यागाच्या आवेशात वगैरे नव्हती. तिला भूक लागली होती. "हॉल रद्द करा," ती म्हणाली. "तिथे पंखेच नाहीत. अंगणात करू. विटांवर फळ्या टाकल्या की झाले बाक. झगा मात्र मी सोडणार नाही, आधीच सांगते! आणि केक एकमजली चालेल. पण आत्यानं माझ्या वाढदिवसाला फोन डब्यात लपवून नाचायचं, असलं मला नको."

ओनेइदेनं पोरीकडे पाहिलं. धर्ममाता म्हणून दिलेला शब्द मोडायचा? पण जिला शब्द दिला, तीच तो हसत हसत परत करत होती... आणि मन मात्र अजूनही त्या एकाच जागी अडून बसलं होतं. कार्ड जाईल. कायमचं जाईल.

"मग मी तुम्हाला काहीच देऊ शकणार नाही," ती हळूच म्हणाली. "काहीच उरणार नाही माझ्याकडे देण्यासारखं. कळतंय का तुम्हाला?"

"मासा दे," जुरांदिर म्हणाला. "निदान उरलाय तो तरी दे!"

*

पाऊस थांबला. चौघं फोनभोवती बसली. जुरांदिरनं फोन स्वतःकडे ओढला आणि स्पीकर लावला, कारण भाव करणं हा त्याचा धर्म होता. पहाटे धक्क्यावर असाईच्या टोपल्या उतरतात तेव्हा भाव चढा असतो. ऊन चढतं तसं फळ आंबायच्या वाटेला लागतं आणि विकणारा नरमतो. जुरांदिर भाव विचारी आणि आभाळाकडे बघत उभा राही.

"सहा हजार," मुलगी म्हणाली.

जुरांदिर छताकडे बघत बसला.

"हॅलो? श्रीमती ओनेइदे?"

लुसिवाल्दाचं तोंड 'हो' म्हणायला उघडलं. ताइनारानं त्यात लिंबाची फोड कोंबली.

"हॅलो... बरं, मी वरिष्ठांना विचारून साडेपाच करू शकते."

"बाई," जुरांदिर म्हणाला, "हे कर्ज कार्निव्हलचं आहे. इतकं शिळं फळ कुणी विकत घेतं का? आंबलंय ते!"

पलीकडे मुलगी हसली, मनापासून हसली. "माझे वडील तुमच्यासारखेच भाव करतात, साहेब. पाच हजार. याखाली माझ्या हातात नाही, खरंच. आणि एक सांगते, आधी आमचं पत्र हातात येऊ द्या, त्यात 'पूर्ण फेड' असं लिहिलेलं बघा, मगच पैसे भरा. थोड्याच दिवसांत नाव यादीतून निघेल. पण ही बँक पुन्हा कार्ड देणार नाही. चालेल ना?"

सगळ्यांनी ओनेइदेकडे पाहिलं. या खेपेला तिच्याऐवजी कुणी 'हो' म्हणणार नव्हतं.

तिनं फोन स्वतःकडे ओढला. "चालेल, बाळा," ती म्हणाली. "पाठव पत्र."

*

वाढदिवसाला एवढी गर्दी झाली की विटांचे बाक अपुरे पडले. आंब्याच्या रंगाच्या झग्यात ताइनारा बापाबरोबर पहिला नाच नाचली, मग आईबरोबर, आणि मग आत्याला दुखऱ्या गुडघ्यांसकट ओढून घेऊन गेली. शेजारची एक बाई लुसिवाल्दाच्या कानाशी लागली: "तुझ्या नणंदेचं नाव साफ झालं म्हणे? मला एक वॉशिंग मशीन..." आणि लुसिवाल्दानं, जन्मात पहिल्यांदा, स्वच्छ आवाजात, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं "नाही!" म्हटलं. तिलाच त्याचं इतकं नवल वाटलं, की ते तिनं लगेच आणखी एकदा म्हणून पाहिलं.

नाचून दमलेली ओनेइदे एका फळीवर टेकली. जुरांदिर तिच्या शेजारी येऊन बसला. त्यानं तिच्याकडे काही मागितलं नाही. बसला फक्त, तिच्या खांद्याला खांदा लावून, गाणं संपेपर्यंत.

*

जुरांदिर जन्मला तेव्हा ओनेइदे नऊ वर्षांची होती. त्याचं नाव तिनं ठेवलं.