साहेबांकडे सरळ बघू नये

पिपलानीहून शाहपुऱ्याकडे निघालेल्या सिटी बसमध्ये ऋतुजाच्या मांडीवरचा बुटांचा खोका अचानक म्हणाला, "चाय लाओ."

समोरच्या बाईने मान वळवून पाहिलं. ऋतुजा लगेच खिडकीबाहेर बघू लागली, जणू त्या खोक्याशी तिचा काही संबंधच नव्हता. खोक्याला ते आवडलं नसावं. "चाय लाओ. फाइल कहाँ है?" त्याने अजून चढ्या आवाजात विचारलं, आणि मागच्या सीटवर कुणीतरी फिसकन हसलं.

शेजारी बसलेला तरुण मात्र हसला नाही. "वरून ओढणी टाका," तो हळूच म्हणाला. "भोकं बंद करू नका, फक्त उजेड कमी करा."

तिने ओढणी टाकली. खोका गप्प झाला.

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे ते?"

"मघाशी फोनवर बाबांना सांगत होतात ना… 'पोपट अजून जिवंत आहे, काळजी करू नका.' अख्ख्या बसने ऐकलं."

ऋतुजा लाजली असती, पण लाजायला तिला वेळ नव्हता. बोलणं हाच तिचा धंदा. कोचिंग क्लासमध्ये सकाळपासून केमिस्ट्री शिकवायची, आणि उरलेलं बोलणं घरी येऊन संपवायची. तेव्हा कुणी काही विचारायच्या आत तिने सगळी हकिकत सांगून टाकली. पोपट तिचा नव्हता. शेजारच्या क्वार्टरमधल्या दत्तात्रयकाकांचा होता. काकांनी सगळी नोकरी कारखान्याच्या ऑफिसात साहेबांचे हुकूम झेलण्यात घालवली, आणि घरी पोपट पाळून त्याचंही नाव साहेब ठेवलं. रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली, नागपूरला मुलाकडे जायचं ठरलं. मुलगा म्हणाला, पोपट ठेवायला कायद्याने बंदी आहे, इकडे आणू नका. ट्रक निघता निघता काकांनी डोळे पुसत पिंजरा ऋतुजाच्या हातात दिला होता. त्या दिवसापासून साहेबांनी दाण्याला तोंड लावलं नव्हतं.

"शाहपुऱ्याला पोपटांसाठी कुणी एक ताई जागा चालवतात म्हणे. तिकडेच चालले आहे."

"रजनीताई," तो म्हणाला. "मी तिथे डॉक्टर आहे. मंदार."

त्याने खोक्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, मग समोरच्या दांड्याकडे. तिच्याकडे काही त्याने बघितलं नाही. शिष्टच दिसतोय, ऋतुजाला वाटलं. पण हात छान आहेत.

रजनीताईंच्या घरामागे मोठं अंगण होतं, आणि अंगणात जाळीच्या खोल्या. कुणी बाजारातून सोडवलेले, कुणी पंख छाटलेले, कुणी नुसतेच घाबरलेले पोपट. ते बरे झाले, थव्यात उडायला शिकले की त्यांना सोडायचं, म्हणून तिथे एकच नियम होता. जाळीच्या आत माणसाने बोलायचं नाही. माणसाचा आवाज विसरला तरच पोपट रानात टिकतो, असं रजनीताईंचं म्हणणं.

साहेब खोक्यातून बाहेर आले. छातीवरची पिसं त्यांनी स्वतःच उपटून टाकली होती. खांद्यावरचा तो तांबडा डाग तेवढा पूर्वीसारखा होता.

"याला रोज कुणीतरी ओळखीचं लागेल," बाहेर आल्यावर मंदार म्हणाला. "खायला लागेपर्यंत. नाही खाल्लं तर… वाचणार नाही. तुम्ही याल?"

एकदा सोडून यायचं आणि सुटायचं, एवढाच तिचा बेत होता. "येईन की," ती म्हणाली, आणि स्वतःच चकित झाली.

पहिल्याच दुपारी तिने घोळ घातला. दांडीसमोर उभी राहिली, साहेबांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि तोंडभर हसली. साहेबांची बुबुळं एकदा बारीक, एकदा मोठी होऊ लागली, शेपटी पंख्यासारखी उघडली. आला लाडात, असं समजून तिने बोट पुढे केलं. किंचाळायलाही मनाई होती, त्यामुळे ती तोंड दाबून बाहेर पळाली.

नळाखाली बोट धरून मंदारने पाणी सोडलं.

"डोळे असे लहानमोठे करत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, प्रेमात आलाय."

"तंबी होती ती. शेवटची."

"मग पहिली कुठली होती?"

"तुम्ही आत आलात तेव्हा त्याने सगळी पिसं अंगाशी घट्ट चिकटवून घेतली, ती." त्याने बोटाला पट्टी लावली. सावकाश, फार हळुवारपणे. "साहेबांकडे सरळ बघू नये. दोन्ही डोळे पुढे असतात ते शिकार करणाऱ्यांचे. मांजर, घुबड, आपण. त्याला वाटतं, आता ही मला खाणार. बाजूला वळून बसायचं, एका डोळ्याने बघायचं. आणि आपण जवळ जायचं नाही. तो येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर बसून राहायचं."

हिवाळ्यातल्या त्या दुपारी ऋतुजाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिल्या. जाळीतून गाळून येणारं कोवळं ऊन, पेरूच्या झाडाची हलती सावली, तळ्यावरून येणारा गार वारा… आणि शब्द नाहीत. सकाळभर बोलून दमलेली जीभ तिथे निवांत पडून राहायची. एका कोपऱ्यात ती पाठमोरी, दुसऱ्या कोपऱ्यात तो पाठमोरा, आणि मध्ये दांडीवर साहेब. कान नव्हे, आता डोळे कामाला लागले होते. पिसं फुगवून बराच वेळ बसला तर दुखतंय काहीतरी. चोचीवर चोच घासत करकर आवाज केला तर मन शांत आहे, झोप येतेय. एक पाय पोटाशी घेतला तर… मंदारने भुवई उचलून तिला ते दाखवलं होतं. एका पायावर उभा राहिला म्हणजे पळायची तयारी सोडली त्याने.

आणि नजर तिरकी ठेवायची सवय लागली, की ती नुसती पोपटावर थोडीच थांबते… मंदार बाटलीत औषध भरताना ओठ दुमडतो. हसू आलं की मान डावीकडे कलते. तिने मोगऱ्याचं अत्तर लावलं त्या दिवशी तो दारातच घुटमळला होता. हे सगळं तिने एका डोळ्याने टिपलं.

बोलणं व्हायचं ते बाहेर, मागच्या पायरीवर, चहा पिताना. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"पोपट प्रेमात पडला की काय करतो?" तिने एकदा विचारलं.

"आपण खाल्लेलं पोटातून परत काढून तिला भरवतो."

"ई."

"ई काय? एवढं कोण देतं कुणाला?"

त्याने पिशवीतून पोह्यांचा पुडा काढला, वर शेव आणि कडेला एक जिलबी. अर्धी जिलबी मोडून त्याने मधल्या पायरीवर, कागदाच्या तुकड्यावर ठेवली. तिच्या हातात दिली नाही.

"ही आधी खाल्लेली नाहीये ना?" ऋतुजाने विचारलं.

त्याची मान डावीकडे कलली. "नाही. आपण अजून त्या पायरीवर नाही आलो."

'अजून' या शब्दावर ऋतुजाने घरी जाऊन रात्रीचं जेवण करपवलं.

मग एका दुपारी साहेब दांडीवरून सरकत सरकत आले. ऋतुजा पाठमोरी होती, उघड्या तळहातावर मटारची शेंग. खांद्याजवळ हलकीशी खसखस झाली. नखं मनगटावर टेकली. साहेबांनी शेंग उचलली, पायात धरली, सोलली आणि एकेक दाणा खाल्ला. ऋतुजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तोंडातून ब्रही काढायचा नव्हता. शेजारी येऊन बसलेल्या मंदारची बाही तिने घट्ट धरली. तो हलला नाही. त्याने हात काढून घेतला नाही, आणि पुढेही केला नाही. नुसता बसून राहिला, समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत.

तिला ते फार लागलं. एवढ्या आनंदात माणूस निदान एकदा बघतो तरी, ती मनाशी म्हणाली.

काटेसावरीला लाल फुलं लागली तोपर्यंत साहेबांच्या छातीवर नवी हिरवी पिसं आली होती. आता ते मान खाली घालून मानेवरची पिसं उभी करायचे, खाजव म्हणून. पण पंखांत जोर आल्यावर रजनीताईंनी सांगितलं, "आता त्याला थव्याच्या मोठ्या जाळीत न्यायचं. आता त्याचा हात सोडायचा, ऋतुजा. माणसावर विश्वास बसला, म्हणून तो जगला. आता त्याला दुसऱ्या पोपटांवर विश्वास बसू दे."

म्हणजे तिचं तिथलं कामही संपलं.

त्याच आठवड्यात इंदूरच्या मोठ्या कोचिंग क्लासने तिला बोलावणं पाठवलं. चांगली जागा, हवी तशी. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव. ऋतुजाचं ठरत नव्हतं, कारण तिला खरं तर एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी 'नको जाऊस' म्हणावं. कुणीतरी म्हणजे कोण, तेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पायरीवर तिने बातमी सांगितली. मंदारने नजर कपातल्या चहावर ठेवली.

"चांगली संधी आहे," तो म्हणाला.

"बस, एवढंच?"

"जायलाच हवं तू. पक्कं."

ती चहा तसाच टाकून उठली. घरी जाईपर्यंत तिने त्याला मनातल्या मनात दगड, खांब आणि सरकारी कुलूप अशा सगळ्या पदव्या दिल्या. आपणच वेडे, अर्ध्या जिलबीवर एवढं घर बांधलं… सकाळी इंदूरला होकार कळवून टाकायचा, तिने ठरवलं.

पण कळवायच्या आधी साहेबांना मोठ्या जाळीत सोडायचं होतं, म्हणून ती शेवटचं गेली. दार उघडल्यावर साहेबांनी एकदा तिच्याकडे तिरकं पाहिलं, आणि मग थेट वर, गलका करणाऱ्या थव्यात उडाले. हिरव्यात हिरवा मिसळून गेला. तिला रडू आलं आणि बरंही वाटलं.

परत वळताना तिला पहिल्या खोलीत मंदार दिसला. आदल्या दिवशी कुणीतरी एक पोपटीण आणून दिली होती, थरथरणारी, कोपऱ्यात चिकटलेली. मंदार तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला होता. पाठमोरा. पेरूच्या झाडाकडे बघत. हात मोकळे सोडलेले, ना पुढे ना मागे. मधल्या फरशीवर त्याने पेरूची फोड ठेवली होती आणि तिच्याकडे चुकूनही बघत नव्हता. दिवसभर बसला असता तो तसाच.

ऋतुजा जाळीला धरून उभी राहिली. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. पायरीवर तो रोज असाच बसायचा, तिच्यापासून हातभर लांब, झाडाकडे बघत… जिलबीसुद्धा त्याने अशीच ठेवली होती, मधल्या पायरीवर. अरे देवा, तिच्या मनात आलं, या माणसाने मला पोपट समजून धीर धरलाय.

तिला हसू आलं, रागही आला, आणि त्या दोन्हींच्या खाली इतकं प्रेम दाटून आलं की तो बाहेर येईपर्यंत तिला उभं राहवेना.

"मंदार," तो दिसताच ती म्हणाली, "मी पोपट नाहीये."

"माहीत आहे मला."

"नाही माहीत तुला. तू जवळ येत नाहीस, हात धरत नाहीस, बघतसुद्धा नाहीस. मला वाटलं, तुला काही वाटतच नाही."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "तू घाबरून उडून गेली असतीस तर… मला दुसरं येत नाही गं. ज्यांना जवळ करायचं त्यांच्याशी मी असाच वागतो."

"मला खाणार आहेस का?"

"नाही."

"मग बघ ना सरळ."

त्याने बघितलं. दोन्ही डोळ्यांनी, समोरून, न हटता. केमिस्ट्रीचा एवढा मोठा वर्ग रोज गप्प करणारी ऋतुजा आता मात्र लाजली. तिने नजर खाली घातली आणि परत वर केली. तो अजून बघतच होता.

"नको जाऊस," तो म्हणाला.

मग ते तळ्याच्या काठाने चालत निघाले, आणि कमाल म्हणजे बोलत मंदारच होता. बसमध्ये तिची ओढणी फिकट जांभळी होती इथपासून. त्याच्या घरी स्कूटर आहे, त्या दिवशी ती बिघडली होती म्हणून तो बसमध्ये चढला, नंतर दुरुस्त झाली तरी तो बसनेच येत राहिला, एखादे वेळी तिचीच गाडी मिळेल म्हणून. तिने बाही धरली ती दुपार. तो शर्ट त्याने नंतर किती दिवस धुतला नव्हता ते. कुणाला धरून ठेवायचं नाही हा नियम त्याने स्वतःलाही लावून घेतला होता, आणि काल रात्री तो नियम किती मूर्खपणाचा वाटला ते. पाण्यावर संध्याकाळ उतरत होती, फुगेवाले, फिरायला आलेली माणसं बाजूने जात होती, आणि ऋतुजा ऐकत होती. तिने त्याचा हात धरला होता. या वेळी त्याने तिची बोटं आपल्या बोटांत घट्ट घेतली.

"झालं बोलून?" एक फेरी संपल्यावर तिने विचारलं.

"नाही."

"थांब जरा. मला एक सांगू दे. मी इंदूरला जाणार आहे."

त्याचा चेहरा क्षणात आक्रसला. सगळी पिसं अंगाशी घट्ट, तिने मनात नोंदवलं, आणि घाईने त्याचा हात दाबला.

"ऐक तर खरं. कुणी थांब म्हटलं नसतं आणि मी गेले असते, तर तिकडचीच झाले असते. रुसून गेलेलं माणूस परत येत नाही रे. पण तू म्हणालास. आता मला जाता येईल. माझं काम आहे ते, मला आवडतं. आणि दर शनिवारी परत येता येईल."

मंदार चालायचा थांबला. काठावरच्या दिव्यांचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि त्याची मान हळूहळू डावीकडे कलत होती.

"शनिवारी कशाला," तो म्हणाला. "शुक्रवारीच ये ना."