तिसऱ्या डब्यातले प्रवासी

"माझ्या सुनेवर आळ आलाय," बाई दारातूनच म्हणाल्या. "ती खोटं बोलत नाही. एवढं सिद्ध करून द्या."

भावोजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. सासू सुनेची बाजू घेऊन भांडायला आली आहे, असलं काही समोर चाललेलं असताना छापील बातम्या वाचायच्या कशाला?

घर त्यांच्या मेहुणीचं. ती खाजगी तपासाची कामं घ्यायची आणि सगळी गल्ली तिला हेरबाई म्हणायची. निवृत्त झाल्यापासून भावोजी तिच्याबरोबर हिंडत. त्यामुळे तपासाला फारसा हातभार लागत नसे, पण नवरा दिवसभर पायात येत नाही म्हणून त्यांची बायको बहिणीला दुवा देत असे.

"बसा. पाणी घ्या. आणि पहिल्यापासून सांगा," हेरबाई म्हणाल्या.

सून जंक्शनवर अनाउन्सर होती. सकाळी तिथे एकाच फलाटाच्या दोन अंगांना दोन गाड्या लागत, एक बंदराकडे जाणारी आणि एक डोंगराकडे. दोन्हींचे डबे निळे. कोणती गाडी कुठल्या अंगाला लागेल, हे रोज बदलायचं. दिव्यांची पाटी बंद पडलेली, म्हणून सगळी भिस्त कर्ण्यावर. आणि सोमवारी बंदराला निघालेली वीसेक माणसं डोंगराच्या गाडीत चढून बसली. कोणाची मुलाखत बुडाली, कोणाची कोर्टाची तारीख. सगळ्यांनी एकच तक्रार लिहून दिली: अनाउन्सरने उलट सांगितलं.

"तिला घरी बसवलंय. परवा चौकशी. निकाल उलट लागला तर नोकरी गेली."

"ती काय म्हणते?"

"आधी म्हणाली, 'आई, मी बरोबरच सांगितलं.' आता म्हणते, इतकी माणसं कशी चुकतील, माझीच जीभ घसरली असेल, मीच राजीनामा देते." बाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "दुसऱ्यांच्या बदलीवर राबून राबून तिला ती खुर्ची मिळाली. गेल्या वर्षी मी अंथरुणाला खिळले होते. तिने माझं सगळं केलं, कधी तोंड वाकडं केलं नाही. मी आज चालतेय ती तिच्यामुळे. आता माझी पाळी आहे."

हेरबाईंनी चपला पायात सरकवल्या. भावोजींना आपल्या सापडेनात.

स्टेशनमास्तर वैतागलेले होते. घोषणा तोंडी होते, तिचं रेकॉर्डिंग होत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"चुकलेले लोक कुठे उतरले?" हेरबाईंनी विचारलं.

"पुढच्याच स्टेशनात. तिथले मास्तर सांगत होते, तिसरा डबा जवळजवळ रिकामा झाला."

"आणि बाकीचे डबे?"

"बाकीच्यांत सगळे डोंगराचेच होते. निम्मे तर तिथल्या मोठ्या दवाखान्याचे पेशंट. ते कशाला चुकतायत?"

"बंदराची बाकीची माणसं?"

"वेटिंग रूममध्ये बसली होती, ती बरोबर गाडीत चढली. रोजची ये-जा करणारीही."

भावोजींनी मान डोलावली. आपण मान का डोलावली हे त्यांना कळलं नाही, पण हेरबाई गप्प झाल्या की मान डोलवायची, एवढं ते शिकले होते.

तक्रारदारांपैकी दोघं गावातच राहत. एक आजी, महिन्यातून एकदा बंदरावर बहिणीकडे जाणाऱ्या. हेरबाईंनी प्रश्न विचारला. आजींनी कानामागे हात धरला. प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्या वेळी भावोजींनी ओरडून विचारला, तेव्हा शेजारीण खिडकीत आली.

"हो हो, कर्ण्यावर स्पष्ट ऐकलं मी," आजी म्हणाल्या. "उजव्या हाताची गाडी, म्हणाली."

दुसरा मुलाखत हुकलेला तरुण. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत गाणी वाजत होती. इअरफोनचे बोळे काढावे लागतात हे त्याला जरा उशिरा सुचलं.

"सोमवारीही हे कानात होते?"

"असतातच. पण घोषणा ऐकली ना मी. डावीकडची गाडी, म्हणाली."

"एक उजवी म्हणतेय, एक डावी," बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले. "कोणीतरी खोटं बोलतंय."

"खोटं कोणीच बोलत नाहीये भावोजी. आणि खरंही."

हे भावोजींच्या डोक्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं फलाटावर हजर. चहावाल्याच्या टपरीला गराडा पडला होता. परगावचा एक पाहुणा घाईघाईने आला. "बंदराची गाडी कुठली हो?" चहावाल्याचे दोन्ही हात गुंतलेले. त्याने हनुवटीनेच काळी छत्री घेतलेल्या एका गृहस्थांकडे खूण केली. "त्यांच्या मागे जा." पाहुणा निमूटपणे गेला. भावोजींचा चहा फार गरम होता, त्यांचं सगळं लक्ष बशीत.

"हे छत्रीवाले रोजचे?" हेरबाईंनी विचारलं.

"गोदीत कामाला आहेत. मी टपरी टाकली तेव्हापासून बघतोय. माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवत नाहीत. या सोमवारी तेवढे समोरून गेले आणि हातानेच नको म्हणाले. दिवसभर मला चुकल्यासारखं झालं."

बंदराच्या गाडीत पत्त्यांचा डाव मांडून बसलेल्या एकाला हेरबाईंनी खिडकीतून गाठलं. "छत्रीवाले? आहेत ना, आमचे भिडू. सोमवारी दांडी मारली त्यांनी, डाव मोडला."

त्या संध्याकाळी हेरबाई परतणाऱ्या छत्रीवाल्यांशी स्टेशनच्या पुलाखाली उभ्या राहून थोडा वेळ बोलल्या. भावोजींनी लांबून पाहिलं. छत्रीवाले मान खाली घालून निघून गेले.

"काय विचारलंत?"

"काहीच नाही. एका मुलीची नोकरी जाणार आहे आणि ती का, एवढंच सांगितलं. उद्या चौकशी कितीला आहे, तेही."

चौकशीच्या खोलीत पंखा फिरत होता तरी भावोजींना घाम फुटला. समोर साहेब, बाजूला स्टेशनमास्तर, बाकांवर तक्रारदार. चहावाल्याला हेरबाईंनीच बोलावलं होतं. कोपऱ्यात सून बसली होती, हातात राजीनामा. सासूने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"साहेब," हेरबाई म्हणाल्या, "घोषणा चुकली असती तर ती सगळ्या स्टेशनात चुकली असती. कर्णा वेटिंग रूममध्येही आहे. तिथली माणसं बरोबर गेली."

"रोजचीही गेली," साहेब म्हणाले.

"हो. आता चुकलेल्यांचं बघा. चुकीची घोषणा ऐकून माणसं धावली असती, तर सापडेल त्या डब्यात शिरली असती. ही सगळी तिसऱ्या डब्यात होती. गाडी चुकली हे समजू शकतं, पण डबाही सगळ्यांचा एकच? कारण ती कर्ण्याच्या मागे गेलीच नाहीत. ती एका माणसाच्या मागे गेली."

बाकांवर चुळबुळ झाली.

"आजी," हेरबाई त्यांच्या कानाशी वाकल्या, "ऐकलंत, की बघितलंत?"

आजींनी पदर सारखा केला. "त्या छत्रीवाल्यांना बघितलं," त्या हळूच म्हणाल्या. "नेहमी त्यांच्याच मागे जाते. मला कुठलं ऐकू येतंय."

तरुणाने मान खाली घातली. "मला चहावाल्याने दाखवलं होतं त्यांना."

चहावाल्याचा चेहरा पडला. "मी नेहमीच दाखवतो. ते कधी चुकत नाहीत."

"तेही चुकले नाहीत," हेरबाई म्हणाल्या. "त्या सोमवारी चहावाल्याने त्यांना फलाटावर पाहिलं, पण बंदराच्या गाडीत त्यांची जागा रिकामी होती. मग ते कुठे होते? दुसऱ्या गाडीत, कारण त्यांना जायचंच डोंगराकडे होतं. फजिती झाल्यावर 'मी एका अनोळखी माणसाच्या मागे गेलो' असं कोण सांगणार? कर्ण्यावर खापर फोडणं सोपं. दोन दिवसांत तेच खरं वाटायला लागतं. म्हणून कोणाची गाडी डावी झाली, कोणाची उजवी."

"त्या गृहस्थांना बोलवा," साहेब म्हणाले. "डोंगराकडे कशाला गेले होते?"

हेरबाई पहिल्यांदाच अडखळल्या. रोजचा चहा त्या दिवशी नाकारला म्हणजे पोट रिकामं ठेवायचं होतं आणि डोंगरावर मोठा दवाखाना आहे, हे त्यांनी केव्हाच जुळवलं होतं. पण ते सांगायला त्या तयार नव्हत्या. "ते मी बोलणार नाही. सांगायचं तर त्यांचं त्यांनी."

साहेबांनी टोपण उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. सासूबाईंनी डोळे मिटले.

"मीच तो," दारातून आवाज आला.

छत्रीवाले आत आले. गोदीतल्या कामावर खाडा करून आले होते.

"गळ्यात गाठ आली होती. उपाशीपोटी तपासणीला बोलावलं होतं. घरी सांगितलं नव्हतं, बायकोने हातपाय गाळले असते. डोकं ठिकाणावर नव्हतं, मागून कोण येतंय हे पाहिलंच नाही." त्यांनी घसा साफ केला. "परवा रिपोर्ट आला. काही नाही निघालं. काल या बाई भेटल्या आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मला जीव परत मिळाला आणि माझ्यापायी या मुलीची भाकरी जायची? पहाटे उठून बायकोला सगळं सांगितलं. आधी रडली, मग जे भांडली आहे, अजून कान वाजतायत."

साहेबांनाही हसू आवरलं नाही. तक्रारदारांनी आपली तक्रार तिथेच मागे घेतली. आजी उठून सुनेजवळ गेल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. "चुकले गं बाई मी."

सून उठली. छत्रीवाल्यांपुढे उभी राहिली. "काका, तुम्ही आला नसतात, तर कोणाला कळलंही नसतं," एवढंच कसंबसं म्हणाली.

"मला कळलं असतं की," छत्रीवाले म्हणाले.

सासूबाई हेरबाईंचे हात हातात घेऊन नुसत्याच उभ्या होत्या. भावोजींना वाटलं आपणही काही बोलावं, पण त्यांनी फक्त मान डोलावली. या वेळी ती का डोलावली, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

"चल, घरी जाऊ," सासू म्हणाली.

"आई, दुपारची गाडी लागायची वेळ झालीय." सुनेने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हातानेच जायला सांगितलं.

तिने राजीनाम्याचे चार तुकडे केले आणि जिना चढून गेली. थोड्या वेळाने कर्णा खरखरला. पहिल्या शब्दाला तिचा आवाज थरथरला, मग स्थिरावला. बंदराकडे जाणारी गाडी पुलाच्या अंगाला लागत होती, तिने ते सावकाश दोनदा सांगितलं. फलाटावर छत्रीवाले उभे होते. त्यांना त्या गाडीने जायचंही नव्हतं, तरी ती घोषणा शेवटच्या शब्दापर्यंत ऐकूनच ते हलले.