चिठ्ठीच्या मागच्या बाजूला

चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती. तासाभरानं घंटा झाली तेव्हा एकोणचाळीस उठली.

उरली ती परिचारिका. भिंतीलगतच्या रांगेत, स्वतःच्या आसनावरच ती एका कुशीला कलंडली होती. नवरा तिच्या शेजारीच बसायचा. सुतार माणूस. खरबरीत हातांनी तिचे गाल थोपटत तो तिला उठवत होता, आणि ती गेली हे त्याच्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं.

तपास आला बारकीकडे. बारकी म्हणजे ठाण्याची निरीक्षक. उंची पाच फूट दहा इंच, पण थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. ठाण्यातले लोक तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे बारकी.

जागा म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला. पांढऱ्या भिंती, आसनांच्या रांगा, समोर एक खुर्ची. बैठक संपली की त्या खुर्चीत इथले म्हातारे गुरू, सगळ्यांचे आजोबा, येऊन बसायचे. शहरातल्या अर्ध्या दुःखांची उत्तरं इथून जायची. नवरा बोलत नाही, झोप लागत नाही, मूल गेलं. जे असेल ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. लेखनिक ते आजोबांना वाचून दाखवी, आजोबा त्याच्या कानात पुटपुटत, आणि उत्तर त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून परत मिळे. फी नाही. अट एकच: उत्तर कुणाला दाखवायचं नाही. दाखवलं की गुण जातो.

डॉक्टर हात धुऊन बाहेर आले.

"विष आहे. पोटात गेल्यावर वीस मिनिटांत माणूस संपतो."

"सकाळी घरच्या चहातून गेलं असेल?"

"चहा सहाला घेतला म्हणतात. मग ती इथपर्यंत चालत आलीच नसती."

म्हणजे विष इथेच दिलं. बैठक सातला सुरू होई. साडेसातच्या घंटेला प्रत्येकानं डोळे न उघडता समोरच्या पेल्यातला कडू काढा प्यायचा, अशी रीत. बारकीनं पेले मागवले. चाळीसच्या चाळीस पेले चकाचक धुऊन, पालथे घालून ठेवलेले होते. बाई मेलेली दिसत असतानाही रोजच्या माणसांनी रोजची सेवा चुकवली नव्हती. बारकीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

मग तिनं एकेकाला बोलावलं.

"काय पाहिलंत?"

"काही नाही. डोळे मिटलेले होते."

"तासभर?"

"तासभर."

वाणी हेच म्हणाला, शिक्षिका हेच म्हणाली, बँकेतला कारकून हेच म्हणाला. अडतीस जणांनी कानावर हात ठेवले. वेगळं बोलला तो फक्त सुतार.

"आठच्या घंटेच्या जरा आधी धप्प आवाज आला म्हणून मी डोळे उघडले. ही पडली होती."

"तिचं कुणाशी वाकडं होतं?"

"छे हो. रोज सकाळी लवकर येऊन आजोबांचं बीपी बघायची. सगळ्यांची लाडकी."

"या दोन-चार दिवसांत काही वेगळं?"

तो विचारात पडला. "बैठक संपल्यावर आज सगळ्यांसमोर थोडं बोलायचंय म्हणाली होती. काय ते मला सांगितलं नाही. कालच आजोबांची परवानगी मागून आली होती."

लेखनिक पन्नाशीचा होता, पांढऱ्या कपड्यांतला, हळू बोलणारा. इथले सगळेच पांढऱ्यात असत.

"तुम्ही काही पाहिलंत?"

"माझेही डोळे मिटलेले असतात."

"बसता कुठे?"

"मागे, दाराशी."

"आजोबा?"

"बैठक संपेपर्यंत आतल्या खोलीत. थकलेत आता."

"परिचारिकेला काय बोलायचं होतं?"

"मला काय कल्पना?"

"घंटा कोण वाजवतं?"

"मीच. साडेसातला एक, आठला एक. एवढ्या वर्षांत मिनिटाचा फरक नाही." दारासमोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यानं कौतुकानं पाहिलं. घड्याळ नवं होतं, ठोके न देणारं.

साहेबांचा फोन दुपारी आला. शेजारी बसलेला नवरा, डोळे उघडले अशी त्याची स्वतःची कबुली, आणखी काय हवं? संध्याकाळी सुतार कोठडीत गेला. खरं बोलणारा एकटाच माणूस गजाआड पाहून बारकीला अन्न गोड लागेना.

आणि एक गोष्ट ती साहेबांना बोलली नव्हती. त्या अडतीस जणांत तिची ताई होती.

दोन वर्षांपूर्वी ताईची मुलगी अपघातात गेली. नऊ वर्षांची. ताईनं जेवण सोडलं, बोलणं सोडलं, एकदा गच्चीच्या कठड्यावर चढली. मग कुणीतरी तिला या मजल्यावर आणलं. पहिल्या चिठ्ठीत तिनं विचारलं, शेवटी तिला त्रास झाला का? मागे उत्तर आलं: नाही. तिला काही कळलंच नाही. ही एक चिठ्ठी नियम मोडून ताईनं बारकीला दाखवली होती. त्या रात्री ती जेवली. तेव्हापासून ती जगत होती ती त्या शब्दांवर. बारकीला ती जागा पटत नव्हती, पण त्या खुर्चीला हात लावायची तिची छाती होत नव्हती.

"ताई, तू तिसऱ्या रांगेत होतीस. खरं सांग."

"डोळे मिटलेले होते गं."

"माझ्या गळ्याशपथ?"

ताई उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

पंचनाम्यासाठी सोमवारपासून बंद ठेवलेला मजला गुरुवारी उघडला. शनिवारी सकाळी बारकी साध्या कपड्यांत, शेवटच्या रांगेत जाऊन बसली. दहा मिनिटं झाल्यावर तिनं डोळे उघडले. वाण्याचे डोळे टक्क उघडे होते. बारकीची नजर पडताच त्यानं ते गपकन मिटले. शिक्षिका खिडकीबाहेर बघत होती. कारकून नखं बघत होता. कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. जो तो आपण एकटेच लबाड आहोत अशा समजुतीत, चोरून, घाबरून बघत होता.

बारकीला हसू आलं आणि लगेच विरलं. म्हणजे सोमवारीही डोळे उघडे होते. मग त्यांनी पाहिलेलं गेलं कुठे? ठाण्यात आलं नाही. ही माणसं मन मोकळं करायला एकाच ठिकाणी जात.

दुपारी तिनं ताईच्या पुढ्यात बैठक मारली.

"या आठवड्यात चिठ्ठी टाकलीस?"

ताई पदर नीट करू लागली.

"सुतार कोठडीत भिंतीला डोकं आपटतोय. शिपायांनी काल दोनदा धरला त्याला."

ताई आत गेली आणि चिठ्ठी घेऊन आली. "याचा गुण जाईल बघ," ती पुटपुटली.

पुढच्या बाजूला ताईचं अक्षर: बैठकीत माझे डोळे उघडले. परिचारिकेच्या पेल्याशी कुणी वाकलेलं दिसलं. पोलिसांना सांगू का?

मागे उत्तर: बैठकीत दिसतं तो मनाचा भास. सांगाल तर साधना वाया जाईल.

"कोण होतं, ताई?"

"पाठमोरं होतं. राखाडी शाल." ताईला हुंदका आला. "शाल आजोबांचीच असते. म्हणून कुणाला बोलले नाही. देवमाणूस आहे गं तो. औषध घालत असेल असं वाटलं."

संध्याकाळी लेखनिकाला जबाबावर सही करायला ठाण्यात बोलावणं गेलं. तो जिना उतरला आणि बारकी आतल्या खोलीत शिरली. आजोबा पलंगावर बसले होते. शाल दाराच्या खुंटीला होती, कुणीही घ्यावी अशी.

"आजोबा, सोमवारी परिचारिका गेली. कळलं ना तुम्हाला?"

ते हसले. फार गोड हसले.

"गाडी आली का?" त्यांनी विचारलं.

"कुठली गाडी?"

"आई येणारेय." आणि थोड्या वेळानं, "गाडी आली का?"

बारकीनं पाण्याचा ग्लास त्यांच्या हाती दिला. ओठांपर्यंत जाईतो निम्मं पाणी त्यांच्या मांडीवर सांडलं. तिनं त्यांचं धोतर पुसलं, उरलेलं पाणी स्वतः पाजलं आणि खाली येऊन जीपमध्ये बसली.

रविवारी बैठक भरली. सुताराला तिनं बेड्यांशिवाय आणलं होतं. घंटेआधी ती खुर्चीशेजारी उभी राहिली.

"सगळ्यांनी डोळे मिटा. तुम्हाला सवय आहे. या आठवड्यात ज्यांनी आजोबांना विचारलं, की मी डोळे उघडले आणि काही पाहिलं, त्यांनी हात वर करा. कुणाला दिसणार नाही."

एक हात वर गेला. मग ताईचा. मग वाण्याचा. बारकी थांबून राहिली.

"आता डोळे उघडा."

अकरा हात वर होते. ते एकमेकांचे हात बघत राहिले. शिक्षिका रडायला लागली.

"अकरा साक्षीदार," बारकी म्हणाली. "प्रत्येकाला वाटलं, मी एकटाच नियम मोडणारा. खून पाहिला, आणि ठाण्याऐवजी पेटीकडे गेलात. अकरा जणांना एकच उत्तर आलं असेल, गप्प बसा. शालीमुळे तुम्हाला वाटलं, ते आजोबाच. पण आजोबांच्या हातात भरला ग्लास राहत नाही. बाटलीतलं विष पेल्यात नेमकं कसं पडेल? आणि त्यांना स्वतःच्या आईचं मरण आठवत नाही. ते तुमच्या चिठ्ठ्यांना उत्तरं देतील?"

वाण्यानं हात खाली घेतला.

"परिचारिका रोज त्यांना तपासायची. तिच्या हे लक्षात आलं. सोमवारी ती तुम्हाला हेच सांगणार होती. आजोबांना समजत नाही हे माहीत असून आदल्या दिवशी ती त्यांची परवानगी मागायला गेली, म्हणजे त्यांच्या माणसाला कळवायलाच. आजोबांपर्यंत निरोप कोण पोचवतं?"

माना मागे, दाराकडे वळल्या.

"तुम्ही म्हणालात, माझेही डोळे मिटलेले असतात," बारकी लेखनिकाला म्हणाली. "आणि घंटा मिनिटाचा फरक न पडता वाजवता. हे घड्याळ ठोके देत नाही. या खोलीत रोज तासभर हक्कानं डोळे उघडे ठेवणारा माणूस एकच. साडेसातच्या आधी तुम्ही शाल पांघरलीत, तिच्या पेल्यात विष ओतलंत आणि मग घंटा वाजवलीत. काढा कडूच असतो. तिला वेगळं काही कळलं नाही. नंतर पेटी उघडलीत तर अकरा चिठ्ठ्या. त्यांचं तोंड बंद करायलाही तुमचंच अक्षर कामी आलं."

लेखनिक पळाला नाही. तो खाली बसला.

"मी हात जोडले होते तिला," तो म्हणाला. "आजोबांना उमजेनासं होऊन तीन वर्षं होत आली. पहिल्या दिवशी मी एक उत्तर स्वतः लिहिलं, कारण बाई जिन्यात रडत थांबली होती. मग रोज. माणसं सावरली, मॅडम. विचारा त्यांना. ही सांगणार म्हणाली. मग या लोकांनी कुठे जायचं होतं?"

सुतारानं त्याच्याकडे पाहिलं. "तिलाच विचारायचं होतंत," तो म्हणाला. "तिला कुणी रडत आलं की कधी परत पाठवता यायचं नाही."

शिपाई लेखनिकाला घेऊन गेले. आतून आजोबांनी कुणाला तरी गाडीचं विचारलं. लोक उठून, एकमेकांकडे न बघता जिना उतरले.

ताई तिसऱ्या रांगेतच बसून होती. बारकी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"तीन वर्षं म्हणाला ना तो?" ताईनं विचारलं.

"हो."

"मी दोन वर्षांपूर्वी आले."

बारकीनं मान डोलावली.

"म्हणजे तिला त्रास झाला नाही, हे त्यानं लिहिलं. त्याला काही माहीत नसताना." ताईचा आवाज कोरडा होता. "तुला माहीत असेल. अपघाताचा कागद तुमच्याच ठाण्यात आला होता. तू वाचलास का?"

बारकीनं वाचला होता. तीनदा. आणि ताई विचारणार नाही, या आशेवर दोन वर्षं काढली होती. तिला वाटलं, एक शब्द खोटा बोलावा. तो शब्द कसा लिहिला जातो, हे तिला आता नीट कळत होतं.

"वाचला," ती म्हणाली.

"त्रास झाला तिला?"

"झाला, ताई."

ताईनं तिचा हात घट्ट धरला. "किती वेळ?"

बारकीनं सांगितलं.