नाल्याचं कोमट पाणी

नाल्यावर जाऊन पाणी मोजायचं, एवढंच माझं काम होतं. तेव्हा हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि आम्ही भिलाई-३ ला राहत होतो. उतईच्या बऱ्याच पुढं, सागाच्या रानात जमिनीखालची एक खाण होती. नाव सांगत नाही. ती कधीच बंद झाली. खाणीच्या डोक्यावरून एक नाला वाहायचा. खोदकामामुळं त्याचं पाणी खाली मुरतं का, हे कळावं म्हणून खाणीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, असे लोखंडी पत्रे नाल्यात आडवे बसवले होते. पत्र्याच्या खाचेतून पाणी पडायचं, त्याची उंची मी पट्टीवर पाहायचो. वर जेवढं, तेवढंच खाली भरलं की काळजी नाही.

त्या पावसाळ्यात खाली पाणी कमी भरू लागलं. मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी मालकाला सांगितलं. मालकानं काम थांबवलं नाही. श्रावणात तळाच्या गल्लीत पाणी फुटलं.

माझी धाकटी बहीण विजया, तिचा नवरा पुंडलिक त्या पाळीत होता. आणखीही माणसं होती. पंप लावले, पण पाणी हटेना. शेवटी त्या गल्लीच्या तोंडावर विटांची भिंत घातली. एकाचाही देह वर आला नाही.

विजया आमच्याकडं राहायला आली. देह नाही, म्हणून तिनं अंगावरचं काही उतरवलं नाही. रोज कुंकू लावायची. संध्याकाळी पुंडलिकचं ताट वाढून झाकून ठेवायची, सकाळी ते गाईपुढं टाकायची. दिवस करायचा विषय कोणी काढला, की शांतपणे विचारायची, "तुमी पाह्यलं का त्याईले मेलेलं?" माझी बायको कमलिनी तिची समजूत घालायला बसायची, आणि दोघी रडून उठायच्या.

चैत्रात नाला आटला. वरच्या पत्र्यापाशी नुसती वाळू होती. मी खाली उतरलो, आणि लांबूनच पाणी पडल्याचा आवाज आला. खालच्या खाचेतून धार वाहत होती. मी धारेच्या मागं मागं गेलो. एका काळ्या खडकाच्या बुडातून पाणी येत होतं. हात घातला, तर कोमट. तान्ह्या लेकराला न्हाऊ घालतात, तसं. आणि त्याला वास होता... दिवसभर अंगावर राहिलेल्या सदऱ्याचा.

साहेब म्हणाले, खाण तुडुंब भरली असेल, आता ते पाणी वाट काढतंय. पटण्यासारखं होतं. पण गावच्या बाया घागरी घेऊन यायच्या, खडकाकडं पाहायच्या आणि रिकाम्याच परत जायच्या. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "ए पानी ला हमन नइ पियन, बाबू."

मी हे कमलिनीला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. विजया दाराआड होती.

"भाऊ, मले घेऊन चाल तिथं."

"कावून? खडक आहे नुसता."

"पानी गरम हाये म्हणतं ना तू..."

नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी खाणीच्या जीपमधून तिला नेलं. भर दुपार होती. सागाची पानं गळून गेली होती, सावली कुठंच नव्हती. वारा नाही, पाखरू नाही. फक्त खाचेतून पडणारं पाणी. विजया खडकापाशी बसली आणि तिनं उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. बराच वेळ ती तशीच होती.

"भाऊ... हात धरला."

"मुळं असतील. काढ."

"मुळं नाही... करंगळी वाकडी हाये. थेच हायेत."

पुंडलिकची करंगळी वाकडी होती, हे मलाही ठाऊक होतं. विजयाचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच उजळला होता. ती खाली वाकली आणि पाण्याशी तोंड नेऊन म्हणाली, "जेवले का तुमी?"

पाणी वाहत राहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"नाही... नका ना काढू..." ती कुजबुजली. "राहू द्या... एवढं राहू द्या..."

मी तिला खांद्याला धरून मागं ओढलं. हात सहज बाहेर आला. कासारणीनं साबण लावून, हाड दाबून चढवलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या त्या हातात. एकही उरली नव्हती. मनगटावर ओरखडा नाही, पाण्यात काचेचा तुकडा नाही. मी वाळू चाळून पाहिली.

विजयानं डावा हात पुढं केला, जरा थांबली, आणि आपणहून तो पाण्यात घातला. तोही तसाच बाहेर आला. मग तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. रडली नाही. जीपमध्ये एकदाच बोलली.

"आज ताट वाढू देऊ नको मले."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कमलिनीनं दार उघडलं. विजयाचं कपाळ पाहिलं, हात पाहिले, आणि तिला सारं समजलं. विजयाला जवळ घ्यायला कमलिनीनं दोन्ही हात पुढं केले.

तिचीही दोन्ही मनगटं उघडी होती.

"तुझ्या बांगड्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

ती आपल्याच हातांकडं पाहत राहिली. तिलाही ते आत्ताच दिसत होतं.

"दुपारी भांडे घासून राहिली होती..." ती म्हणाली. "नळाले गरम पानी आलं. मले वाटलं, उन्हानं असन..."

बोलता बोलता तिची नजर वर, माझ्या तोंडाकडं आली. आणि विजयाला घट्ट धरून ती माझ्यापासून एक पाऊल मागं सरकली.