उशिरा मिटणारं दार

चंद्रावरच्या वसाहतीत युनूसचा जीव गेला, त्या आठवड्यात शाळेत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. उल्कांच्या माऱ्यात बोगद्याला भोक पडलं, हवा निसटू लागली आणि हवाबंद दार आपोआप मिटलं. युनूस धावत होता, पण पोचला नाही. त्याच्या वर्गातल्या शाल्मलीला एकच कोडं पडलं होतं. दार मिटायच्या आत पोचण्याचा सराव मुलं संगणकावरच्या एका खेळात करत आणि त्यात तो दर वेळी आरामात आत यायचा. मग खऱ्या वेळी असं कसं झालं?

तिची कुमुदआत्या संगणकतज्ज्ञ होती. तिनं तो खेळ तपासला. पडद्यावर धूळ, दगड आणि धावणारी मुलं यांची गर्दी झाली, की संगणकाला गणितं झेपत नव्हती. खेळ अडखळायचा आणि दार रेंगाळायचं. त्यामुळे हातात बराच वेळ असतो, अशी चुकीची सवय मुलांना लागली होती.

यात कम्पायलरचा (माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) वाटा मोठा होता, असं आत्यानं समजावलं. खेळ करणाऱ्यांनी घाईत झटपट काम उरकणारा कम्पायलर घेतला होता. तो लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचा. तीच बेरीज पुन्हा पुन्हा आली, तर यंत्राला ती पुन्हा पुन्हा करायला लावायचा. दुसरा एक कम्पायलर आधी सगळा प्रोग्रॅम वाचायचा, नको ती गणितं गाळायचा आणि प्रोसेसरकडून (संगणकाचा गणितं करणारा भाग) एका दमात अनेक बेरजा करून घ्यायचा. त्याला स्वतःला वेळ लागे, पण खेळ सुसाट चाले.

तिसऱ्या एका कम्पायलरनं उतरवलेला खेळ त्याहूनही वेगवान होता. शाल्मलीनं तोच मागितला. आत्यानं वाद न घालता तो चालवून दाखवला. वेळ वाचवायला तो अपूर्णांक ढोबळ धरत होता, त्यामुळे कोण नेमकं कुठे आहे हेच चुकत होतं. मिटलेल्या दारातून एक मुलगा आरपार आत आला.

"हा नको," शाल्मली म्हणाली. "हा खोटं शिकवेल."

दुसरा ठरला. त्याचं काम दुपारभर चाललं. मग शाल्मली खेळायला बसली. दार वेळेवर मिटलं आणि ती बाहेर राहिली. पुन्हा खेळली, पुन्हा बाहेरच.

"युनूसला हा मिळायला हवा होता, आत्या."

आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

काही महिने सगळी मुलं हाच नवा खेळ खेळत राहिली आणि मग पुन्हा उल्का कोसळल्या. या वेळी दार मिटलं तेव्हा सगळी मुलं आत होती, धापा टाकत भिंतीला टेकलेली. शाल्मली एकेकाकडे पाहत राहिली आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडली.