न वाढणारी पिल्लं

उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर 'हिमगरुड' हे मोजणीचं विमान घिरट्या घालत होतं आणि आत डॉ. शुभदा हर्डीकरच्या पडद्यावर सीलच्या पिल्लांचा आकडा वाढतच चालला होता. एरवी ती खूश झाली असती. आज तिनं आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासले.

"सर, यात कुठेतरी पाणी मुरतंय. हंगाम संपत आला, तरी निम्म्याहून जास्त पिल्लं नवजातच कशी?"

पथकप्रमुख डॉ. नाडगौडा, म्हणजे तिचे गुरू, निवांत चहा पीत होते. "तुझी पद्धत काय म्हणते?"

पद्धत तिचीच होती. पांढऱ्या बर्फावर पांढरं पिल्लू डोळ्यांना दिसत नाही. पण त्याची लव अतिनील किरणं शोषते, म्हणून अतिनील कॅमेऱ्यात ते काळं दिसतं. नवजात किती, गुटगुटीत किती, लव गळणारी किती, हे पाहून जन्मालेख, म्हणजे कोणत्या दिवसापर्यंत किती जन्मली याचा आलेख, काढायचा. नवजात जास्त असली, तर हंगाम अजून भरात आहे असं धरून पुढचे जन्मही आकड्यात मिळवायचे. आकडा जितका मोठा, तितके शिकारीचे परवाने जास्त निघत.

"म्हणते, अजून पुष्कळ जन्मायची आहेत." ती थबकली. "पण मेलेल्या पिल्लाचीही लव काळीच दिसते. आणि मेलेलं पिल्लू वाढत नाही. आपल्या हिशेबी ते नवजातच राहतं."

तिनं घाईनं उष्णतादर्शी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. जिवंत पिल्लू त्यात उजळ दिसलं असतं. पडदा कोराच राहिला.

"तो मी काढून ठेवलाय," सर म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुझा प्रबंध तपासला तेव्हाच कळलं. बर्फ लवकर फुटतो, पिल्लं मरतात, आणि जितकी मरतील तितका तुझा आकडा फुगतो. शिकारवाल्यांना नेमकं तेच हवं होतं. तुझ्यापेक्षा चांगल्या पद्धती आल्या होत्या गं. मी तुझी निवडली."

इतकी वर्षं या माणसानं चारचौघांत तिच्या हुशारीचे गोडवे गायले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"मी सही करणार नाही."

"नको करूस. मग यंदाची मोजणी अपुरी ठरेल, आणि नियमाप्रमाणे गेल्या वर्षीचा आकडा चालेल."

गेल्या वर्षीही बर्फ लवकरच फुटला होता. तो विक्रमी आकडा तिनंच काढला होता, तिनंच सही केली होती. त्या आनंदात तिनं पथकाला पेढे वाटले होते, आणि पहिला सरांच्या तोंडात घातला होता.